एक मुंगूस, दोन मुंगसं आणि जंजिऱ्याचा अनेकवचनी नवाब

इंग्रजी शाळेतल्या पोरांना हमखास पाडणारा एक प्रश्न आहे. 'गूस' नावाचा बदकासारखा पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस'. मग 'मंगूस'चं काय? पोरगं उत्साहाने 'मंगीस' म्हणतं आणि बाई लाल शाईने फुली मारतात. बरोबर उत्तर 'मंगूसेस'. का, असं विचारलं तर उत्तर मिळतं, 'अपवाद आहे, पाठ कर.'

मंडळी, अपवाद वगैरे काही नाही. 'मंगूस'चा त्या पक्ष्याशी काडीचा संबंध नाही, तो आपला मुंगूस आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत गेला आणि त्यांच्या कोशांत आजही त्याच्यापुढे 'मराठीतून' अशी नोंद असते. (मराठीत तो त्याआधी कानडी-तेलुगूच्या बाजूने आला असावा असं म्हणतात. उसनवारीचं पहिलं टोक शोधायला गेलं की असंच होतं.) आमच्या दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत मुंगसाचं काही अप्रूप नाही. गडग्याच्या चिऱ्यांतून डोकं काढतो, पाखाडी ओलांडतो, गेला. त्याच्या नावावर लंडनमध्ये व्याकरणाचे गुण कापले जातात हे त्याच्या गावीही नाही.

आता इंग्रजीने या शब्दाचं काय केलं ते बघा. आपल्याकडे मुंगूस नपुंसकलिंगी, 'ते मुंगूस', दोन झाली की 'मुंगसं', आणि प्रत्यय लावायचा तर 'मुंगसाला', 'मुंगसांनी'. यातलं काही म्हणजे काहीही इंग्रजांच्या जहाजात चढलं नाही. शब्द तेवढा उचलला, घरी नेला आणि आपलं घरचं शेपूट लावलं. मराठीत हे कसं करतात बुवा, असं विचारायला कोणी पुण्याला शास्त्रीबुवांकडे आलं नाही. जंगल, लूट, ठग, पंडित, बंगला या सगळ्यांचं हेच झालं. आपला बोंबीलही बहुधा 'बमालो' होऊन त्यांच्या कोशात बसला आहे. त्याचं अनेकवचन ते बदलत नाहीत, कारण त्यांच्याकडे बरेच मासे एक असले काय नि शंभर असले काय, तसेच राहतात. योगायोग असा की आपलेही एक बोंबील, शंभर बोंबील. आपलं कारण मात्र वेगळं: व्यंजनान्त पुल्लिंगी शब्द मराठीत बदलत नाही. एक दगड, दहा दगड.

मात्र हीच इंग्रजी लॅटिन आणि ग्रीकसमोर आली की एकदम सोवळ्यात जाते. तिथे 'स्टेडियम'चं 'स्टेडिया', 'क्रायटेरियन'चं 'क्रायटेरिया', 'ॲलम्नस'चं 'ॲलम्नाय'. म्हणजे मराठीकडून घेतलेल्या शब्दाला घरचा नियम आणि रोमकडून घेतलेल्याला रोमचा. याला व्याकरणाचं कारण नाही. लॅटिन ही तिकडच्या शाळेची, चर्चची, कोर्टाची भाषा होती. लॅटिन येणारा तो शिकलेला, न येणारा तो अडाणी. मूळ भाषेतलं अनेकवचन वापरणं ही आपण कोणत्या शाळेत गेलो ते दाखवायची खूण होती. थोडक्यात, जानवं बाहेर काढून बसणं.

आणि त्या सोवळ्यात गंमती किती! 'सिलॅबस'चं अनेकवचन 'सिलॅबाय' असं आपल्याकडचे काही प्राध्यापक ठासून सांगतात. तो शब्दच मुळात चुकून जन्मलेला आहे. पंधराव्या शतकात सिसेरोची पत्रं छापताना एक ग्रीक वळणाचा शब्द चुकीचा वाचला गेला, त्यातून 'सिलॅबस' निघाला. अस्सल लॅटिनमध्ये नसलेल्या शब्दाचं अस्सल लॅटिन अनेकवचन! 'ऑक्टोपस' ग्रीक आहे, त्याचं 'ऑक्टोपाय' करणारे त्याला लॅटिन समजून करतात. आणि 'अजेंडा', 'डेटा' हे मुळात अनेकवचनच होते. इंग्रजीने 'अजेंडा' एकवचनी करून त्याला पुन्हा 'स' लावला, आज कोणालाही त्यात खटकत नाही. 'डेटा'वर अजून भांडणं चालू आहेत. आपण मराठीत दोन्ही एकवचनी घेतले, 'डेटा गेला', 'त्यांचा अजेंडा', आणि 'अजेंडे'सुद्धा सहज म्हणतो. कोणाची परवानगी काढली नाही.

हे सगळं सांगायचं कारण इंग्रजीची टिंगल करणं नाही. असल्या कसोटीतून मराठी इंग्रजीच्या कितीतरी आधी गेली आहे, एकदा नव्हे, दोन-तीनदा. आणि त्याच्या खुणा आमच्या या श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यात पसरल्या आहेत.

दिवेआगर म्हटलं की लोकांना सुवर्णगणेश आठवतो, १९९७ साली पोफळीच्या वाडीत सापडलेला आणि २०१२ साली चोरीला गेलेला. त्याहून जुनं एक सोनं या गावात सापडलं आहे, तांब्याच्या रूपात. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट. मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत त्याची गणना होते. या गावातला माणूस साडेनऊशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरून ठेवावं असं महत्त्वाचं काही मराठीत लिहीत होता, संस्कृतची एवढी सद्दी असताना. संस्कृतकडून मराठीने अगणित शब्द घेतले, पण एक गोष्ट घेतली नाही: अनेकवचन. संस्कृतात 'पुस्तकानि', आपण 'पुस्तकं'. संस्कृतात दोनासाठी वेगळं द्विवचन, ते तर प्राकृतांनीच वाटेत टाकून दिलं होतं. देववाणी झाली म्हणून काय, तिचाही शब्द आमच्या घरात आमच्या चालीने चालेल, हा बाणा तेव्हापासूनचा.

मग फारसी आली. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, आणि आमच्या बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी. श्रीवर्धनचा हा सगळा पट्टा थेट १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तीन-चारशे वर्षं कचेरीची भाषा फारसी किंवा फारसीने ओथंबलेली मराठी. शब्द तर आलेच: सरकार, कागद, दफ्तर, जमीन, हक्क. पण या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. सत्ता इतकी जवळ होती की शब्दांबरोबर अनेकवचनंही कचेरीत शिरली.

जुनी मोडी पत्रं चाळलीत तर मायन्यात 'कारकुनानी हाल व इस्तकबाल' हे हमखास दिसतं. म्हणजे सध्याचे आणि पुढे येणारे कारकून. त्याच्या जोडीला 'देशमुखानी', 'देशपांडियानी'. वरवर ही मराठी तृतीया वाटते, 'देशमुखांनी केलं' सारखी. तशी ती नाही. फारसीत माणसांच्या अनेकवचनाला 'आन' लागतो, त्यापुढे जोडणीचा इकार. कारकून, कारकुनान, कारकुनानी. 'कारकून' तरी फारसी शब्द. पण 'देशमुख'? देश आमचा, मुख आमचं, आणि शेपूट इराणचं! स्वतःच्या शब्दालाही मालकाचं अनेकवचन लावायचं, इथपर्यंत पाळी आली होती.

शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, साधारण १६७७ चा सुमार. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. मोठं काम, त्याबद्दल आपण सगळे शाळेत शिकलो. पण नीट पाहिलं तर कोशाने सुचवलेल्यांपैकी बरेच शब्द कोशातच राहिले आणि लोकांनी फारसी शब्द खुशाल ठेवून घेतले. लोकांनी काढून टाकलं ते दुसरंच. 'देशमुखान' गेलं, 'कारकुनान' गेलं. आज अट्टल फारसीप्रेमी मराठी माणूसही 'चार देशमुखान आले' म्हणणार नाही. कागद राहिला, पण त्याचं अनेकवचन 'कागद'. किल्ला-किल्ले, दरवाजा-दरवाजे, जमीन-जमिनी, वकील-वकील, शिपाई-शिपाई. पाहुण्याला घरात जागा दिली, देवघराची किल्ली दिली नाही.

जी फारसी-अरबी अनेकवचनं टिकली, ती कशी टिकली ते तर फारच मजेशीर. मराठीने त्यांना ओळखायलाच नकार दिला! अनेकवचनाला एकवचन समजून कामाला लावलं. अरबीत 'हाल'चं अनेकवचन 'अहवाल'. आपल्याकडे अहवाल एकच असतो, सरकारने दडपला तरी एकच, आणि दोन झाले तरी 'अहवाल'च. 'अमीर'चं अनेकवचन 'उमरा', त्याचा आपला उमराव. आपण 'अमीर-उमराव' अशी जोडी म्हणतो तेव्हा एकाच माणसाला दोनदा बोलावत असतो. 'वक्त' म्हणजे वेळ, त्याचं अनेकवचन 'औकात', जी आपण एकमेकांची काढत असतो. 'जौहर'चं अनेकवचन 'जवाहिर', त्याला पुन्हा एक अनेकवचनी प्रत्यय लागून 'जवाहिरात'. 'असामी' हे तर 'इस्म' म्हणजे नाव या शब्दाच्या अनेकवचनाचंही अनेकवचन, आणि मराठीत 'बडी असामी' एकटी सोफ्यावर बसलेली असते. मवाली सुद्धा मुळात अनेकवचनी आहे, म्हणजे एक मवाली म्हणजेच टोळी.

माझं आवडतं उदाहरण 'कायदा' आणि 'कवायत'. अरबीत 'कायदा' म्हणजे नियम आणि त्याचंच अनेकवचन 'कवाइद'. आपण एकवचन घेतलं आणि त्याचे मराठी पद्धतीने 'कायदे' केले. अनेकवचनही घेतलं आणि त्याला पोलीस ग्राउंडवर पळायला पाठवलं. कवायत स्त्रीलिंगी, एकवचनी, आणि अनेक असतील तर 'कवायती'.

आणि आमचा नवाब. जंजिऱ्याच्या सिद्दी राजाला नवाब म्हणत. 'नायब' म्हणजे प्रतिनिधी, दुय्यम अधिकारी. 'नवाब' हे त्याच 'नायब'चं आदरार्थी अनेकवचन. म्हणजे श्रीवर्धनच्या तहसील कचेरीत आज जे नायब तहसीलदार बसतात ते एकवचनी आणि मुरुडच्या राजवाड्यातला नवाब अनेकवचनी. संस्थान गेलं, अनेकवचन गेलं, एकवचन सरकारी नोकरीत टिकून आहे. इंग्रजांनीही तोच 'नवाब' उचलून 'नाबॉब' केला आणि पुढे 'स' लावून 'नाबॉब्स', म्हणजे अनेकवचनाचं अनेकवचन. या बाबतीत दोघे सारखेच.

एवढंच कशाला, वाड्यांचा सातबारा ज्या 'बागायत' शब्दावर चालतो तोसुद्धा 'बाग'च्या दफ्तरी अनेकवचनातून आलेला. आपण त्याला जमिनीचा एक प्रकार करून टाकलं.

पोर्तुगीजांशी व्यवहार आणखी मोकळा होता. दिघीहून आगरदांड्याला तर ओलांडून वर गेलं की मुरुड, पुढे कोर्लई, मग रेवदंडा-चौल. चौलला ते सोळाव्या शतकात आले आणि १७४० पर्यंत होते. कोर्लईत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली घराघरांत ऐकू येते. त्यांच्याकडून आपण खाण्यापिण्याचं, घरकामाचं सामान घेतलं, नावासकट. पोर्तुगीजमध्येही शब्दांना लिंग असतं, तर ते तरी जसंच्या तसं घ्यायचं ना? तेही नाही. तिकडे 'बटाटा' स्त्रीलिंगी. आपल्याकडे शेवटी आकार म्हणजे घोडा-आंबा यांच्या रांगेत: तो बटाटा, ते बटाटे. घमेलं तिकडे स्त्रीलिंगी, इथे नपुंसक, अनेकवचन घमेली. पिंपाचंही तेच: पिंप, पिंपं. चावी मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी राहिली आणि तिच्या 'चाव्या' झाल्या. शब्दाचा शेवट काय, त्यावरून त्याची रांग ठरली. कुठली समिती बसली नव्हती. बाजारातल्या आणि स्वयंपाकघरातल्या माणसांनी हे ठरवलं.

१८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण छापलं, त्याच्या आधी मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला होता. म्हणजे दादोबांचे नियम छापून यायच्या आधीपासूनच बटाट्याचे बटाटे चालू होते.

आता इंग्रजी. इथे लोकांना वाटतं की इंग्रजी आली आणि मराठीने मान टाकली. अजिबात नाही, निदान पहिली शंभर-सव्वाशे वर्षं तरी नाही. जरा यादी आठवा: बाटली-बाटल्या, कंपनी-कंपन्या, पलटण-पलटणी, तिकीट-तिकिटं, अपील-अपिलं, बँक-बँका, नोटीस-नोटिसा, मोटार-मोटारी, सायकल-सायकली, फाईल-फायली, पेन्सिल-पेन्सिली, डायरी-डायऱ्या, टेबल-टेबलं. यात एक लपलेली करामत आहे. मराठीत अनेकवचन करायला आधी लिंग ठरवावं लागतं आणि इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंगच नाही. म्हणजे प्रत्येक शब्दासाठी कोट्यवधी लोकांनी, एकमेकांना न विचारता, एक निर्णय घेतला. बँक ती. टेबल ते. ट्रक तो. बहुतेकांवर वादही नाहीत. रिक्षा हा शब्द तर जपानहून निघाला, इंग्रजीतून आपल्याकडे आला. जपानीत अनेकवचनाचा प्रत्यय सहसा लागत नाही, इंग्रजीत 'रिक्शॉज', आणि आपण त्याला 'शाळा'च्या शेजारी बसवलं. एक शाळा, चार शाळा. एक रिक्षा, चार रिक्षा. आणि 'मॅचेस' या अनेकवचनाची 'माचीस' करून तिला एकवचनी स्त्री केलं, अगदी उमरावासारखं. 'लेडीज'चंही तेच: 'एक लेडीज उभी होती.' यावर लोक हसतात. 'एक नवाब' म्हणताना मात्र कोणाला हसू येत नाही.

मग गाडी कुठे अडली? माझ्या मते 'बस'पाशी. बस स्त्रीलिंगी, गाडी म्हणून. आता 'माळ-माळा' नियमाने तिच्या 'बसा' झाल्या असत्या, आणि आगारात 'बसा आल्या' म्हटल्यावर लोकांनी काय केलं असतं! 'भिंत-भिंती' नियमाने 'बशी', तर ती कपाखाली. त्यामुळे 'बसेस' ही तडजोड झाली, एसटीच्या 'जादा बसेस' आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. मला ती मान्य आहे. अडचण खरी होती.

पण पुढे अडचण नसतानाही तीच सवय लागली. सायकली म्हणणाऱ्या आजोबांचा नातू 'बाईक्स' म्हणतो. नोटिसांच्या जागी 'नोटिफिकेशन्स', फायलींच्या जागी 'डॉक्युमेंट्स'. 'स्टुडंट्सना', 'पॅरेंट्सनी', 'फॅसिलिटीजचा' यांत मधलं हाड इंग्रजी अनेकवचनाचं आणि वर मराठी विभक्तीचं कातडं. 'देशमुखानी'ची आठवण येते ना? पाटीवर आडनावापुढे 'ज' किंवा 'स' लावून घरगुती खानावळीचं नाव ठेवायची फॅशन तर सगळ्या किनाऱ्यावर आली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी देशमुखाला इराणी शेपूट होतं, आता विलायती आहे.

मी भाषाशुद्धीवाला नाही, गैरसमज नको. 'हॉटेल'ला 'उपाहारगृह' म्हणा असा माझा आग्रह नाही. हॉटेल या, बसा, चहा घ्या. फक्त दोन झाली की 'हॉटेलं' व्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावणं बंधनकारक आहे. छान झालं. पण 'फॅमिली रूम्स अव्हेलेबल' ही पाटी देवनागरीत असली तरी त्यात मराठी किती, हे तपासायला कुठला निरीक्षक येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी ताम्रपट-शिलालेखांचे फोटो टाकले, आमच्या दिवेआगरचाही फिरत होता. त्याच पोस्टखाली 'इन्स्क्रिप्शन्स' हा शब्द मी मोजून चार वेळा वाचला.

हा नुसता चोखंदळपणाचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या, पिढ्यान् पिढ्यांच्या पोफळी मुळासकट गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द: पंचनामे. पंचनामे झाले का, पंचनामे कधी होणार. बघा हा शब्द: 'पंच' संस्कृत, 'नामा' फारसी, आणि अनेकवचन मराठी. अक्षरशत्रू म्हातारीलाही तो कळत होता आणि ती तलाठ्याला अडवून विचारू शकत होती. भरपाई हेक्टरी की झाडामागे, हा वाद ज्या भाषेत झाला ती लोकांची होती, म्हणून लोक त्यात भांडू शकले. त्याच वर्षी करोनाच्या बाबतीत मात्र 'गाईडलाईन्स', 'एसओपीज', 'कंटेनमेंट झोन्स' असं सगळं वरून तयार आलं, आणि घराबाहेर पडायचं की नाही एवढं कळायलाही लोकांना कोणाला तरी फोन करावा लागत होता. जो शब्द आपण वाकवू शकत नाही, त्यावर जाब विचारणंही जड जातं.

आणि ज्यांना वाकवता येतं त्यांना आपण हसतो. गावातल्या बायका सीझनला 'रूमा भरल्यात, उद्या या' असं सांगतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे गाडीत बसल्यावर त्या 'रूमा'ची नक्कल करतात. खरं तर बँक-बँका, नोटीस-नोटिसा, तशीच रूम-रूमा. दादोबांनी मान डोलावली असती.

जाता जाता एक शब्द, जो इंग्रजीतून आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा शिंप्याच्या दुकानात आला, 'रीळ' झाला, आणि त्याची 'रिळं' झाली. टुरिंग टॉकीजवाल्यांची रिळंही तीच. दुसऱ्यांदा तोच शब्द मोबाईलवर आला, तो आल्या पावली 'रील्स' होऊन बसला. आमच्या आळीत एक-दोन पोरं 'रिला' म्हणताना ऐकली आहेत, 'दोन रिला टाकल्या काल समुद्रावर.' तुमच्या गावात काय म्हणतात?